भंगारातल्या मोटरहोमचं इंजिन जुन्या शेव्हेलमध्ये : स्वस्तातलं 'बिग-ब्लॉक' शेवटी कितीला पडतं?

अमेरिकेत शहर मागे टाकून जरा आत गेलं, की एखाद्या घरामागे जुनी मोटरहोम उभी दिसते. मोटरहोम म्हणजे घरगाडी. आत पलंग, शेगडी, संडास सगळं असतं. पण ही गाडी आता संपलेली असते. छप्पर गळून लाकडी सांगाडा कुजलेला, टायर जमिनीत बसलेले आणि काचेवर 'विकणे आहे'चा कागद.

शेजाऱ्यांच्या दृष्टीने ते भंगार. पण जुन्या गाड्यांचा नाद असलेला माणूस तिथे थांबतो आणि इंजिनाचं झाकण उघडून वाकून बघतो. त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : आत शेव्हरोलेचं ४५४ आहे का?

४५४ म्हणजे ४५४ क्युबिक इंच, आपल्या हिशोबात ७.४ लिटर. सिलिंडर आठ, म्हणजे एकेक सिलिंडर सुमारे ९३० सीसीचा. मारुती ८०० चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं होतं. थोडक्यात, या इंजिनाचा एक सिलिंडरच आपल्या अख्ख्या मारुतीपेक्षा मोठा.

असं इंजिन काही शे डॉलरमध्ये उचलायचं आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या एखाद्या साध्या गाडीत बसवायचं, हा तिकडचा जुना उद्योग आहे. ऐकायला सोपा वाटतो. पण अर्धवट राहून ताडपत्रीखाली गेलेल्या गाड्याही याच उद्योगातून तयार होतात. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी हे 'बिग-ब्लॉक' काय प्रकरण आहे?

ब्लॉक म्हणजे इंजिनाचा बिडाचा मुख्य ओतीव भाग, ज्यात सिलिंडर असतात. शेव्हरोलेने १९५५ मध्ये एक आटोपशीर व्ही-८ इंजिन आणलं. पुढे १९६५ मध्ये त्याच्याहून मोठ्या ब्लॉकचं ३९६ क्युबिक इंचांचं इंजिन आलं. पहिल्याला स्मॉल-ब्लॉक म्हणू लागले, दुसऱ्याला बिग-ब्लॉक.

इथे एक गंमत आहे. नाव ब्लॉकच्या आकारावरून पडलंय, सीसीवरून नाही. शेव्हरोलेचं ४०० क्युबिक इंचांचं एक स्मॉल-ब्लॉक होतं, म्हणजे पहिल्या बिग-ब्लॉकपेक्षा आतून मोठं. फरक सिलिंडरांमधल्या अंतरात, हेडच्या रचनेत आणि वजनात आहे.

४५४ आलं १९७० मध्ये. त्या वर्षी शेव्हेल नावाच्या मध्यम आकाराच्या गाडीत त्याचा 'एलएस६' अवतार मिळायचा. कंपनीने जाहीर केलेली ताकद ४५० हॉर्सपॉवर. त्या इंजिनाची अमेरिकेत आजही चर्चा चालते. पण मग प्रदूषणाचे नियम आले, १९७३ चा तेलाचा भडका झाला, विम्याचे हप्ते वाढले. १९७६ नंतर शेव्हरोलेच्या प्रवासी गाड्यांमधून ४५४ गायबच झालं.

ट्रकमधून मात्र ते गेलं नाही. मोठे पिकअप, सबर्बन, बोटीचे ट्रेलर ओढणाऱ्या गाड्या आणि मोटरहोम यांत ते सन २००० पर्यंत येत राहिलं. म्हणून आज स्वस्तात मिळणारं बिग-ब्लॉक बहुतेक वेळा ट्रकचंच असतं. फोर्डचं ४६० तसंच, तेही पिकअपमध्ये १९९७ पर्यंत होतं. डॉजचं ४४० सत्तरच्या दशकातल्या मोटरहोममध्ये सापडतं. पण सगळ्यात जास्त जुगाड ४५४ वर झालेत, म्हणून गोष्ट त्याचीच.

एकाचं इंजिन दुसऱ्यात बसतंच कसं?

ही कल्पना आपल्याला नवीन नाही. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर ११८एनई आठवत असेल. गाडीचा सांगाडा फिएट १२४ चा आणि बॉनेटखाली निस्सानचं १.२ लिटर इंजिन. ते काम कंपनीने केलं होतं, इंजिनिअर आणि चाचण्या हाताशी ठेवून. इथे तेच काम एक माणूस शनिवार-रविवारी चेन पुली लावून करतो.

तरी शेव्हेलच्या बाबतीत त्याला एक मोठी मदत असते. १९६८ ते १९७२ च्या शेव्हेलमध्ये कंपनी स्वतःच बिग-ब्लॉक बसवून देत होती. त्यामुळे सहा सिलिंडरचं गरीब इंजिन घेऊन आलेल्या शेव्हेलच्या बॉनेटखालीही बिग-ब्लॉकला पुरेल इतकी जागा असतेच. शिवाय शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉक आणि बिग-ब्लॉक, दोघांच्या मागच्या तोंडाला गिअरबॉक्स जोडायचे बोल्ट एकाच मापावर आहेत. इंजिन फाउंडेशनचे ब्लॉकवरचे बोल्टही सारखेच. चेसिसवरचे ब्रॅकेट बदलले की इंजिन जागेवर बसतं.

म्हणून शहाणे लोक गाडी आधी ठरवतात आणि इंजिन नंतर. जिच्यात हे इंजिन कधीच येत नव्हतं अशी गाडी घेतली, तर फायरवॉल कापणं, चेसिस वेल्डिंग, स्टिअरिंगची जोडणी हलवणं असं सुरू होतं. तिथे 'स्वस्तात' हा शब्द संपला.

४५० नाही, २३० हॉर्सपॉवर

पहिला धक्का इथे बसतो. नव्वदच्या सुमाराच्या पिकअपमधलं ४५४ देतं २३० हॉर्सपॉवर. इंजिनाचा आकडा तोच, क्युबिक इंच तेच, मग ४५० चे २३० कसे झाले?

एक कारण मोजण्याचं. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या 'ग्रॉस' आकडा सांगायच्या. इंजिन टेबलावर ठेवायचं, पंखा नाही, सायलेन्सर नाही, आणि मग मोजायचं. १९७२ पासून 'नेट' आकडा आला, म्हणजे गाडीत असतं तसं सगळं लावून. त्यामुळे ४५० आणि २३० ची थेट तुलनाच चुकीची आहे.

दुसरं कारण खरं आहे. ट्रकचं इंजिन वेगासाठी बनत नाही. एलएस६ चं कॉम्प्रेशन ११.२५ होतं, ट्रकच्या इंजिनाचं आठच्या आसपास. हेडमधले हवेचे मार्ग अरुंद असतात. त्यांना तिकडे 'शेंगदाणा पोर्ट' असंच म्हणतात, आकार तसा दिसतो म्हणून. कॅमशाफ्ट मवाळ असते. साडेतीन-चार हजार आरपीएमनंतर हे इंजिन दमतं.

पण त्याची ओढ बघा. ५२० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क आणि तोही १६०० आरपीएमला. बाकीची इंजिनं जिथे नुकती जागी होतात, तिथे हे पूर्ण जोरात असतं. तीन-चार टनांची घरगाडी घाटात चढवायला बनवलेलं इंजिन दीड टनाच्या गाडीत बसवलं, की सिग्नल सुटल्यावर पाय हलवायचीही गरज पडत नाही. रोजच्या रस्त्यावर माणसाला जाणवते ती हीच गोष्ट. हॉर्सपॉवरचा आकडा कागदावर राहतो.

इंजिन नको, अख्खी गाडी घ्या

बजेटवाल्यांमधला हा जुना सल्ला आहे आणि तो बरोबर आहे. सुटं इंजिन स्वस्त दिसतं, पण नंतर एकेक पट्टा, पुली, ब्रॅकेट, स्टार्टर, रेडिएटर शोधत बसावं लागतं. अख्खी मोटरहोम किंवा पिकअप घेतली तर हे सगळं सोबत येतं, आणि उरलेली गाडी भंगारात घालून थोडे पैसे परतही मिळतात.

शिवाय इंजिन चालू करून ऐकता येतं. ऑइलचं प्रेशर बघता येतं, प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासता येतं, ऑइलमध्ये पाणी मिसळून दुधाळ झालंय का ते दिसतं. पॅलेटवर ठेवलेल्या इंजिनाबद्दल विकणारा फक्त म्हणतो, "काढलं तेव्हा चालत होतं."

मोटरहोमचा फायदा म्हणजे ती फार चालत नाही. सुट्टीत दोन-चार आठवडे, बाकी वर्षभर उभी. त्यामुळे मीटरवरचा आकडा कमी असतो. पण त्याला भुलून चालत नाही. हे इंजिन जेवढं चाललं तेवढं पूर्ण ओझं घेऊन चाललं, तेही नाकाजवळच्या बंद पेटीत, हवा कमी आणि उष्णता जास्त. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे तुटलेले बोल्ट ही या इंजिनांची नेहमीची दुखणी. आणि वर्षानुवर्षं उभ्या इंजिनाचे सील वाळलेले असतात. गाडीत चढवण्याआधी ते बदलायला खर्च किरकोळ येतो. नंतर बदलायचे तर इंजिन पुन्हा उतरवावं लागतं.

फसवणारे दोन सापळे

पहिला सापळा ४२७ चा. शेव्हरोलेचं ४२७ म्हटलं की लोकांना साठच्या दशकातली कॉर्व्हेट आठवते. एखाद्या जुन्या डंपरमध्ये किंवा मोठ्या मालट्रकमध्ये ४२७ सापडलं की माणूस हरखतो. पण मालट्रकसाठी बनलेली ३६६ आणि ४२७ ही इंजिनं 'टॉल-डेक' आहेत, म्हणजे ब्लॉक ०.४ इंचांनी, सुमारे १० मिलिमीटरने उंच. पिस्टनला जास्तीची चौथी रिंग बसवता यावी म्हणून ती उंची.

हे १० मिलिमीटर महागात पडतात. ब्लॉक उंच झाला की दोन्ही बाजूंची हेड एकमेकांपासून लांब जातात. गाडीसाठी मिळणारं इनटेक मॅनिफोल्ड मध्ये बसत नाही. डिस्ट्रिब्युटरचा दांडा आखूड पडतो. एक्झॉस्टचे पाइप चेसिसला भिडतात. वेगळे भाग मिळतात, पण ते दुर्मिळ आणि महाग. स्वस्तात मिळालेलं ४२७ बऱ्याचदा त्यामुळेच स्वस्त असतं.

दुसरा सापळा दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. ३९६, ४०२ आणि ४२७ यांची क्रँकशाफ्ट स्वतःच्या वजनांनी तोललेली असते. ४५४ ची नसते. तिचा तोल सांभाळायला पुढच्या बॅलन्सरवर आणि मागच्या फ्लेक्सप्लेटवर जाणूनबुजून एका बाजूला जास्त वजन ठेवलेलं असतं. फ्लेक्सप्लेट म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्यामधली दात्यांची तबकडी.

आता समजा एखाद्याने जुन्या इंजिनाची तबकडी काढून ४५४ ला लावली. बोल्ट बसतात, इंजिन सुरू होतं, पण थरथरतं. तो फाउंडेशन बदलतो, टायमिंग बघतो, प्लग बदलतो. दोष तबकडीत आहे हे लक्षात येईपर्यंत बेअरिंगचं नुकसान झालेलं असतं. त्यातही १९९१ पासूनच्या ४५४ चं मागचं ऑइल सील एका तुकड्याचं आहे आणि त्याची तबकडी आधीच्या इंजिनांपेक्षा वेगळी. म्हणून मोटरहोममधून इंजिन काढताना तबकडी आणि बॅलन्सर इंजिनासोबतच ठेवायचे, दुसऱ्या डब्यात टाकायचे नाहीत.

बाकी बसवण्यात किरकोळ कटकटी बऱ्याच आहेत. ट्रकचं ऑइल चेंबर गाडीच्या खालच्या आडव्या दांड्याला लागतं, ते बदलावं लागतं. ट्रकचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बाहेर पसरलेले असतात, तेही बदलतात. फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकचा गिअरबॉक्स मागून वेगळा असतो, तो या कामाचा नाही. १९८७ नंतरच्या इंजिनाला इंधनाचं इंजेक्शन आणि कॉम्प्युटर असतो. बजेटवाले बहुतेक ते सगळं काढून जुना कार्ब्युरेटर आणि सत्तरच्या दशकातला एचईआय डिस्ट्रिब्युटर लावतात. त्या डिस्ट्रिब्युटरला चालायला बारा व्होल्टची एकच वायर लागते, म्हणून तो लोकप्रिय आहे.

पैसे खरे कुठे जातात?

इंजिन बसलं, सुरू झालं, व्हिडिओ टाकून झाला. खर्चाचा मोठा भाग इथून पुढे आहे.

बिडाचं बिग-ब्लॉक सगळ्या साहित्यानिशी सुमारे ३१० किलो भरतं. स्मॉल-ब्लॉक २६० च्या आसपास आणि जुनं सहा सिलिंडरचं इंजिन २०० च्या. म्हणजे सहा सिलिंडर काढून ४५४ घातलं तर पुढच्या चाकांवर कायमची शंभर किलोंहून जास्त भर. पुढच्या कॉइल स्प्रिंग दबतात आणि गाडी नाक खाली घालून चालते. बिग-ब्लॉकसाठीच्या स्प्रिंग लागतात.

जुना रेडिएटर एवढी उष्णता काढू शकत नाही. गाडी थंडीत चालते आणि जुलैच्या ट्रॅफिकमध्ये उकळते. सहा सिलिंडरच्या गाडीत असलेला दोन गिअरचा ऑटोमॅटिक किंवा हलका गिअरबॉक्स हा टॉर्क फार दिवस सोसत नाही, म्हणून टर्बो ४०० सारखा जड गिअरबॉक्स येतो. तो लांबीला वेगळा, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून नवीन मापाचा. मग मागचं डिफरन्शियल. साध्या शेव्हेलमधलं दहा बोल्टचं डिफरन्शियल हळू पायाने चालवलं तर टिकतं, टायर जाळायचे असतील तर नाही.

आणि ब्रेक. त्या काळच्या साध्या शेव्हेलला पुढच्या चाकांनाही ड्रम ब्रेक असायचे. ते सहा सिलिंडरच्या गाडीसाठी, साठच्या दशकातल्या रस्त्यांवर कसेबसे पुरत होते. आता त्याच ड्रमवर शंभर किलो जास्त वजन आणि दुप्पट ताकद. उतारावर दोन-तीनदा जोरात दाबले की ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबायचं नाव घेत नाही. पुढे डिस्क ब्रेक लावणं ही या कामातली एकच गोष्ट अशी आहे जी 'नंतर बघू'च्या यादीत जाता कामा नये. नेमकी तीच जाते, कारण ती फोटोत दिसत नाही.

अमेरिकेत '२४ अवर्स ऑफ लेमन्स' नावाची भंगार गाड्यांची शर्यत २००६ पासून चालते. नियम असा की गाडी ५०० डॉलरच्या आत बनलेली पाहिजे. पण ब्रेक, चाकं, टायर आणि सुरक्षेचं सामान यांचा खर्च त्या ५०० मध्ये धरतच नाहीत. आयोजकांना माहीत आहे की मर्यादा घातली तर लोक सगळ्यात आधी इथेच हात आखडतील. घरी गाडी बनवणाऱ्यानेही ब्रेकचे पैसे बजेटमधून आधीच बाजूला काढून ठेवले तर बरं.

आता थोडी ताकद वाढवू, असं वाटतं तेव्हा

२३० चा आकडा मित्रांना सांगायला लाज वाटते. मग मोठी कॅमशाफ्ट, मोठा कार्ब्युरेटर घ्यावासा वाटतो. पण आठच्या कॉम्प्रेशनवर मोठी कॅमशाफ्ट लावली की खालची ओढ जाते आणि वरचा जोरही मिळत नाही, कारण अरुंद हेड तिथे हवा जाऊ देत नाहीत. मग हेड बदला, मग पिस्टन बदला. यादी लांबत जाते.

शिवाय १९९५ पर्यंतच्या ४५४ मध्ये सपाट टॅपेट आहेत. नवी कॅमशाफ्ट टाकल्यावर पहिली वीस मिनिटं इंजिन दोन हजार आरपीएमच्या वर ठेवून ती घासून बसवावी लागते, तेही जस्ताचं प्रमाण जास्त असलेल्या ऑइलमध्ये. यात चूक झाली तर कॅमशाफ्टचे उंचवटे झिजतात आणि तो लोखंडी कीस अख्ख्या इंजिनात फिरतो. चांगलं चालणारं मूळ इंजिन असं मारलेल्यांची संख्या कमी नाही. पैसे मोजके असतील तर ट्रकची कॅमशाफ्ट तशीच ठेवावी आणि मागे लांब गिअरचं डिफरन्शियल लावावं. इंजिन हळू फिरतं, गाडी आरामात पळते.

पेट्रोलचं मात्र काही करता येत नाही. लिटरला चार-पाच किलोमीटर, तेही जपून चालवली तर.

मग लोक नवीन ५.३ का नाही घालत?

घालतात. खरं सांगायचं तर आज जास्त लोक तेच करतात. १९९९ पासूनच्या सिल्व्हराडो पिकअपमधलं ५.३ लिटरचं इंजिन सुरुवातीलाच २७० हॉर्सपॉवर देत होतं. म्हणजे दोन लिटर कमी असूनही ट्रकच्या ४५४ पेक्षा जास्त. ते हलकं आहे, पेट्रोल कमी पितं आणि भंगारात खोऱ्याने मिळतं.

पण त्याला कॉम्प्युटर, वायरिंगचा जुडगा आणि चार बारच्या आसपास दाब देणारा इंधन पंप लागतो. ज्याला लॅपटॉप जोडून इंजिन ट्यून करता येतं त्याच्यासाठी ५.३ हाच शहाणा पर्याय. ज्याचा भरवसा पाना आणि स्क्रूड्रायव्हरवर आहे, आणि ज्याच्या शेव्हेलमध्ये बिग-ब्लॉक कंपनीतूनच येऊ शकत होतं, त्याला ४५४ अजून परवडतं. बाकी त्या आवाजाचा मोह असतोच.

कायदा काय म्हणतो?

'जुनी गाडी' हा या उद्योगातला महत्त्वाचा शब्द आहे. कॅलिफोर्नियात १९७५ किंवा त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना ठरावीक काळाने होणाऱ्या 'स्मॉग चेक'मधून सूट आहे. त्यानंतरच्या गाडीत इंजिन बदलायचं असेल तर नवं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, त्याची प्रदूषण रोखणारी सगळी साधनं लावलेली हवीत, आणि अवजड वाहनाचं इंजिन हलक्या गाडीत चालत नाही. म्हणजे १९७२ च्या शेव्हेलमध्ये मोटरहोमचं ४५४ घालणारा निर्धास्त असतो आणि पाच वर्षांनी नव्या मालिबूत तेच करणारा तपासणीच्या दारातूनच परत येतो. गाडी विकत घेण्याआधी हे वर्ष बघितलं नाही, म्हणून पूर्ण झालेली गाडी रस्त्यावर न आणता विकावी लागते.

भारतात हा खेळ आणखी अवघड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या आणि कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. खराब झालेलं इंजिन बदलायचं तरी आरटीओची परवानगी घ्यावी लागते आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. त्यामुळे ॲम्बेसेडरमध्ये ट्रकचं इंजिन घातल्याचे रील कितीही व्हायरल झाले, तरी त्या गाडीच्या आरसीवरचा नंबर आणि बॉनेटखालचा नंबर जुळत नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा तिथेच बोट ठेवते.